पाणी ३३ अंशांवर गेले की टाकीतल्या माशांना नेमका कशाचा त्रास होतो

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्यात सर्वात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे, तीत चार ओरांडा (गोल अंगाचे गोल्डफिश), दोन एंजल आणि काच चाटणारा एक सकर होता. मे लागल्यापासून पाणी दुपारी ३३ अंशांवर जाते आणि मासे वर येऊन हवा गिळतात. गेल्या रविवारी मासळी बाजारातून बर्फ आणून टाकीत टाकला, तासाभरात पाणी २७ वर आले, मासे खाली गेले, घरात सगळ्यांना हायसे वाटले. सोमवारी सकाळी दोन ओरांडा मेलेले. दुकानदार म्हणतो चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, घ्या. घ्यावा का, आणि तोवर उरलेल्यांना कसे जगवायचे?

ताई, दोन मासे गेल्याचे वाईट वाटले. मुलाने वाढवलेले होते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आधी एक सांगून ठेवतो: तुम्ही निष्काळजीपणा केला नाही. गरम पाणी दिसले की ते गार करावेसे वाटणे साहजिक आहे. मी डिचोली तालुक्यात गोल्डफिश आणि गप्पीची पैदास करतो, शिवाय म्हापसा-पणजीकडच्या काही घरांतल्या टाक्या सांभाळतो. एप्रिल-मेमध्ये मला येणारे बहुतेक फोन हेच असतात. त्यातून माझे ठाम मत झाले आहे की ३२-३३ अंशांचे पाणी स्वतः फार थोडे मासे मारते. मारतो तो प्राणवायूचा तुटवडा, आणि त्याहून जास्त मारतात तापमानाचे झटके. म्हणून पाणी किती गार करायचे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, त्या पाण्यात हवा पुरेशी आहे का?

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असते. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीरातले सगळे व्यवहार ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतात. २५ वरून ३३ वर गेलेल्या माशाला पाऊणपटीच्या आसपास जास्त प्राणवायू लागतो. आणि नेमके त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवायची ताकद कमी होते: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३३ अंशांना सुमारे ७.२. आता हे दोन आकडे नीट पाहा. घट फक्त १३ टक्क्यांच्या आसपास आहे. ७.२ मिलिग्रॅम खरोखर पाण्यात असेल तर ओरांडालाही तेवढ्यावर भागवता येते. अडचण अशी की घरातल्या टाकीत पाणी त्या मर्यादेपर्यंत भरलेले क्वचितच असते. वरून काचेचे झाकण, फिल्टरची धार पाण्याच्या आत सोडलेली, पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा, त्यात खाल्ल्यावर उरलेले दाणे कुजताहेत. अशा टाकीत तो आकडा निम्म्यावर येतो आणि मासे वर येतात. हवामानाने हिरावून घेतलेला भाग लहान आहे. आपण हलवाहलव करून परत मिळवू शकतो तो भाग मोठा आहे. मला यात फार आशा वाटते, कारण हे काम आज संध्याकाळी, चिलरच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत होते.

दुसरी गोष्ट कल्ल्यांची. जास्त प्राणवायू ओढायचा तर माशाला कल्ल्यांतून जास्त रक्त खेळवावे लागते आणि जास्त पाणी ढकलावे लागते. पण गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात क्षार आहेत आणि बाहेर जवळजवळ नाहीत. कल्ले जितके उघडे, तितके क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरते. ते पाणी बाहेर टाकायला आणि क्षार परत ओढून घ्यायला पुन्हा शक्ती, म्हणजे पुन्हा प्राणवायू. म्हणून उन्हाने दमलेला मासा आठवडाभर तग धरतो आणि मग अचानक एखाद्या किरकोळ कारणाने जातो. तुमचे ओरांडा बर्फाने गेले असे दिसते, पण त्यांची शिल्लक आधीच संपत आली होती.

बर्फाचा हिशेब करून पाहू. तुमच्या टाकीत वाळू-दगड वजा करता साधारण ११० लिटर पाणी असेल. ते ३३ वरून २७ वर आणायला सहा किलोच्या आसपास बर्फ लागतो, म्हणजे तुम्ही बराच टाकलात. माशाला नव्या तापमानाची सवय होते, पण तिला दिवस लागतात, आठवडे लागतात. गोल्डफिशवर १९४०च्या दशकात कॅनडात जे प्रयोग झाले त्यांतून दिसले की मासा आधी जितक्या उबदार पाण्यात राहिलेला असतो तितकी त्याची वरची सहनमर्यादा सरकते: राहणीचे तापमान तीन अंशांनी वाढले की मर्यादा साधारण एका अंशाने वर जाते. तुमचे मासे एप्रिलपासून हळूहळू ३३ पर्यंत सरावले होते. तासाभरात सहा अंश खाली, आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्रीपर्यंत पुन्हा वर, हे त्यांना दोन्ही बाजूंनी बसले. शिवाय मासळी बाजारातला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे धरून चालू नका. तो मासळी ताजी ठेवायला असतो. टाकीत थेट वितळू देऊ नये.

आता उरलेल्या माशांकडे घड्याळ लावून पाहा. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण यातून निम्मे निदान होते. मासे दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान वर येत असतील आणि रात्री दहानंतर खाली जात असतील तर उष्णतेचा भाग मोठा आहे. टाकीतले पाणी हवेपेक्षा मागे चालते, तिचा सर्वात तापलेला वेळ दुपारी बाराला नसून संध्याकाळच्या अलीकडे असतो. पहाटे पाचला वर दिसत असतील तर रात्रभरात प्राणवायू संपला आहे. झाडे रात्री प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, आणि गाळातले जिवाणूही वापरतात. दिवसरात्र कधीही वर असतील, एखादाच मासा असेल, अंग काचेला घासत असेल किंवा एकाच बाजूचे कल्ले हलवत असेल, तर कल्ल्यांवर कृमी किंवा पाण्यात अमोनिया हा संशय घ्या. तिथे पंखा लावून काही होणार नाही.

आणखी जवळून पाहायचे तर कल्ल्यांच्या झाकणाकडे पाहा. निवांत ओरांडाचे झाकण किंचितच हलते, आतली लाली दिसत नाही. त्रासातल्या माशाचे झाकण पूर्ण उघडते आणि आतल्या लाल पाकळ्या दिसतात, पाठीचा पर खाली पडतो, रंग पुसट होतो. मिनिटाला किती वेळा झाकण हलते ते सकाळी सातला आणि दुपारी चारला मोजा, वहीत लिहा. दोन आकड्यांतला फरक दिवसागणिक कमी होत गेला तर तुमचे उपाय लागू पडताहेत. सकर मधूनच सुळकन वर जाऊन हवा घेऊन येतो तेव्हा मात्र घाबरू नका, तो पोटातूनही हवा घेऊ शकतो. पण एरवी दिवसाकाठी एखाद्या वेळी जाणारा सकर सारखा जाऊ लागला तर तो तुम्हाला टाकीची खबर देतो आहे.

आजच करायचे ते असे. काचेचे झाकण काढा आणि त्याजागी जाळी बसवा, नाहीतर मासे उड्या मारतील. फिल्टरची धार पाण्याच्या वर दोन बोटे आणा म्हणजे पृष्ठभाग फुटत राहील. एअर पंप रात्री आवाज करतो म्हणून बहुतेक घरांत बंद ठेवतात. मे महिन्यात तो रात्रीच सर्वात गरजेचा असतो. एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांतून सोडणारा दगड) एक असेल तर दुसरा घाला. बुडबुड्यांतून प्राणवायू थोडाच मिसळतो, खरे काम होते ते तळचे पाणी वर आणून पृष्ठभाग हलवण्याचे. त्यामुळे स्टोन तळाशी ठेवा.

खाणे निम्म्यावर आणा. पचनालाही प्राणवायू लागतो आणि पोटभर खाल्लेल्या माशाची गरज पुढचे काही तास चढलेली असते. सकाळी नऊच्या सुमारास एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. दुपारी अजिबात नको. ओरांडा तोंड वर करून मागतात, मुलांना दया येते, पण आठवडाभर कमी खाल्ल्याने गोल्डफिशला काही होत नाही.

मीठ घाला: लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ११० ग्रॅम, दोन दिवसांत विभागून. कल्ल्यांतून जाणारे क्षार थोडे कमी जातात. आपल्या मिठागरातले जाडे मीठ चालते. बादलीत विरघळवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचेच पाणी टाकीत ओता. औषध मात्र काहीही घालू नका. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खाते, आणि पोटॅशियम परमँगनेट जास्त झाले तर कल्ल्यांना इजा करते. आजार नसताना ‘खबरदारी म्हणून’ घातलेल्या औषधाने मेलेले मासे मी दर उन्हाळ्यात पाहतो.

आता गार करण्याकडे येऊ. सर्वात चांगला उपाय म्हणजे पंखा: बारा व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावायचा. एक लिटर पाणी उडून गेले की ११० लिटरचे तापमान पाच अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जाते. पण खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंश मिळतात. इथे गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि कोरड्या प्रदेशातल्या लोकांचे सल्ले इथे फसतात ते यामुळेच. माठातले पाणी नागपूरला जेवढे गार होते तेवढे मेअखेरीस पणजीत होत नाही, हवेतच इतका ओलावा असतो. पंख्याचा तुम्हाला किती उपयोग होईल हे घरीच पाहता येते. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा आणि पंख्यासमोर पाच मिनिटे धरा. जो आकडा दिसेल त्याच्याखाली पंख्याने पाणी जाणार नाही. तो २६ आला तर पंखा झकास काम करेल. २९ आला तर फार अपेक्षा ठेवू नका. फोंड्यात दुपारी, वारा जमिनीवरून येत असताना, किनाऱ्यापेक्षा बरा आकडा मिळतो. उडालेले पाणी रोज भरावे लागेल, नाहीतर फिल्टर कोरडा पडतो.

बर्फ वापरायचाच असेल तर घरच्या पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली गोठवा, झाकण घट्ट लावा आणि दुपारी एकला टाकीत तरंगत ठेवा. ती जेमतेम एक अंश उतरवते, आणि मला तेवढेच हवे आहे. पाणी ३२ वरून ३१ वर टिकवणे हे ३३ वरून २७ वर नेण्यापेक्षा माशाच्या जास्त कामाचे आहे. दिवसाकाठी चढउतार दोन अंशांच्या आत ठेवा.

टाकी तापते कुठून तेही शोधा. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी जाड पडदा. दिवा संध्याकाळी सात ते रात्री दहा एवढाच. पाण्यात बुडवलेला पॉवर हेड (पाणी फिरवणारा पंप) जेवढी वीज खातो ती सगळी शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. २० वॉटचा असेल तर तो लहानसा हीटरच आहे, त्याऐवजी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. शक्य असेल तर टाकी घरातल्या पूर्वेच्या खोलीत, स्वयंपाकघरापासून लांब हलवा. हा त्रासदायक सल्ला आहे, पण ज्या घरांनी तो ऐकला तिथे पुढच्या उन्हाळ्यात मला फोन आला नाही.

पाणी बदलताना दोन गोष्टी जपा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी मेमध्ये दुपारी हाताला चटका देते. तिथून पाणी घ्यायचे तर पहाटे, आणि तेही बादलीत भरून थर्मामीटर लावून. फोंड्याला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते, त्यात क्लोरीन असते. ते रात्रभर बादलीत एअर स्टोन लावून ठेवा किंवा क्लोरीन काढायचे थेंब घाला. तुमच्या इमारतीत विहीर आहे असे लिहिले आहे. विहिरीचे पाणी गार असते आणि मोह होतो, पण आपल्या जांभ्या दगडातले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, जमिनीखालून आलेले असल्याने प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेही रात्रभर हवा देऊनच वापरा. एका वेळी पाचवा हिस्सा, दोन दिवसांआड. अर्धी टाकी एकदम नको.

अर्धी टाकी का नको याचे कारण अमोनिया. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातले एकच फार विषारी. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) ७ आणि ३० अंशांना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला तर तोच भाग सात टक्क्यांच्या पुढे जातो. बरेच महिने नीट साफ न केलेल्या टाकीत पीएच घसरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया दबून असतो. तुम्ही भरपूर ताजे नळाचे पाणी घालता, पीएच वर उडतो, आणि तासाभरात विष जागे होते. पाणी बदलल्यावर मासे मेले अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हे असते. अमोनियाचे टेस्ट किट घ्या. चिलरच्या आधी.

विजेचे काय? वळीव आला की वीज जाते, आणि ती अनेकदा रात्री जाते. गरम पाण्यात बंद पडलेला एअर पंप दोन तासांत टाकी धोक्यात आणू शकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीआधी एअर पंप त्यावर घ्या, तो तीन ते पाच वॉट खातो. नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप आणा. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर वीज आल्यावर तो थेट सुरू करू नका. आतले पाणी कुजलेले असते, ते ओतून टाकून, मगच चालू करा.

आता ज्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ओरांडा आणि एंजल एका टाकीत ठेवणे मला पटत नाही. एंजल अमेझॉन खोऱ्यातला, त्याला २८-३० अंश मानवतात. ओरांडा गोल्डफिश आहे, त्याला १८ ते २४ आवडते, आणि त्याच्या आखूड गोल शरीरामुळे तो साध्या लांब गोल्डफिशपेक्षा लवकर दमतो. मासे कुठून आले यावरही बरेच ठरते. चेन्नईच्या कोळत्तूरमधल्या सिमेंटच्या टाक्यांत वाढलेला मासा उन्हाला सरावलेला असतो. कुठे एसीच्या दुकानात महिनाभर २४ अंशांत राहिलेला मासा मेमध्ये घरी आणला तर त्याला पहिल्याच आठवड्यात त्रास होतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये नवे मासे आणू नयेत असे मी सांगतो, मग ते माझ्याकडचे का असेनात. उन्हाळ्यात गुरामी आणि फायटर सर्वात कमी त्रास देतात, ते पृष्ठभागावरची हवा थेट घेतात. उलट ‘मिस केरळ’ दिसायला कितीही देखणा असला तरी तो डोंगरातल्या गार, वाहत्या ओढ्यांचा मासा आहे. इथल्या फ्लॅटमध्ये तो विकत घेऊ नका. आणि सकर नकोसा झाला तर परत दुकानात द्या, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. भारतातल्या अनेक नद्यांत तो माजून स्थानिक मासळीचे नुकसान करतो आहे.

चिलरबद्दल: या वर्षी घेऊ नका. चिलर पाण्यातली उष्णता काढून तुमच्याच खोलीत सोडतो, आणि तुमची खोली आधीच स्लॅबखाली भाजते आहे. शिवाय तो २३-२४ वर लावला आणि वीज गेली की पाणी पुन्हा वर चढणार, म्हणजे बर्फाचाच प्रकार, फक्त महागडा. पुढे ओरांडाच पाळायचे पक्के असेल, घरात इन्व्हर्टर असेल, तर घ्या, पण २७ वर लावा. ११० लिटरला दोन ओरांडा आणि भरपूर हवा असली तर चिलरशिवायही ते गोव्यात वर्षानुवर्षे जगतात, हे मी रोज पाहतो.

एक खरेदी मात्र आताच करा: १०० वॉटचा हीटर. ऐकायला विचित्र वाटेल, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की दोन दिवसांत पाणी पाच-सहा अंशांनी उतरते, आणि उन्हाने थकलेल्या माशांवर नेमके तेव्हा पांढरे ठिपके येतात. हीटर २८ वर लावून ठेवला की ती उतरण २८ वर थांबते. ठिपके आल्यास ‘तापमान ३० च्या वर न्या’ असा सल्ला मिळेल. ठिपके आणणारा परजीवी त्या तापमानाला वाढत नाही हे खरे, पण दमलेल्या ओरांडाला ते झेपत नाही, तेव्हा आधी विचारा.

तीन दिवस एवढे करा: सकाळी सात आणि दुपारी चारचे तापमान, दोन्ही वेळची कल्ल्यांची मोजणी, आणि एकदा अमोनिया व पीएच. आकडे कळवा, टाकीचा समोरून आणि वरून असा फोटोही द्या. फिल्टर कोणता आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, तेही सांगा. त्यावर एंजल हलवायचे की ओरांडा, हे ठरवू.